साडेतीनशे सीसीची रेघ ओलांडावी काय?

शहापूर-मुरबाड पट्ट्यात फिरतीचा धंदा करणाऱ्या आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना मोटरसायकल ही चैनीची वस्तू कधीच वाटली नाही. कोंबडीवाला, बांगड्या विकणारा मणियार, पंपाची मोटर भरून देणारा, फॅब्रिकेशनवाला, शिलाई मशीनचा मिस्त्री, सगळ्यांची रोजी चाकावर. कधी काळी राजदूत आणि येझदी होत्या. मग बजाजची एम-८० आली. १९८५ पासून हिरो होंडाच्या शंभर सीसीने आणि १९९४ नंतर स्प्लेंडरने बाजार ताब्यात घेतला. या सर्व काळात गाडी घेणाऱ्याचे सवाल दोनच होते : लिटरमागे किती जाते, आणि बिघडली तर नाक्यावरचा मिस्त्री दुरुस्त करील की नाही.

आता तिसराच सवाल दुकानादुकानांतून कानावर येऊ लागला आहे. लांब पल्ल्याची, उंच, दणकट अशी 'टूरिंग' गाडी घ्यावी काय? विचारणारे केवळ कॉलेजातली पोरे नाहीत. बापाच्या धंद्यात पाच-सहा वर्षे घालवलेला तरुण विचारतो, आणि पन्नाशीतला हार्डवेअरवालाही आडून विचारतो. आमचा स्वतःचा फिरतीचा धंदा शिलाई मशीनच्या दुरुस्तीचा. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, टोकावडे ही आमची गिऱ्हाइके, आणि वर्षातून काही वेळा नाशिक व जुन्नर. हाताशी दीडशे सीसीची जुनी गाडी आहे, तिला पुढे डिस्क, मागे ड्रम ब्रेक. तेव्हा हा सवाल आमचाही होताच. आम्ही एक नवी टूरिंग गाडी पूर्ण दिवस चालवून पाहिली, रात्री हिशेबाची वही काढली, आणि जे आढळले ते येथे मांडत आहोत.

गाडी निवडली रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०. कारण सरळ आहे, या प्रकारात आपल्या भागात सर्वांत जास्त चर्चा तिचीच. पहिली हिमालयन २०१६ साली आली. ४११ सीसी, हवा आणि तेलाने थंड होणारे इंजिन, पाच गिअर, साधारण २४ अश्वशक्ती. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने ती गाडी मुळापासून बदलली. नवे इंजिन ४५२ सीसीचे, रेडिएटरने थंड होणारे, सहा गिअरचे आणि ४० अश्वशक्तीचे. टाकी १७ लिटरची. वजन १९६ किलो. सीटची उंची ८२५ मिलिमीटर. स्प्लेंडरचे सीट ७८५ मिलिमीटरवर असते आणि वजन ११२ किलोच्या आसपास, हे आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

शोरूममधली टेस्ट राइड म्हणजे काय असते ते वाचक जाणतात. मागे एक माणूस बसवतात, सरळ गुळगुळीत रस्त्यावर दोन किलोमीटर नेतात, आणि परत आल्यावर लगेच रंग कोणता हवा ते विचारतात. एका शोरूममध्ये आम्ही तीही घेतली. तिच्यावरून निर्णय करणे म्हणजे बिर्याणीचे एक शीत चाखून देगचीचा सौदा करणे. सुदैवाने शहापुरातल्या एका ठेकेदार मित्राने ही गाडी वर्षभरापूर्वी घेतली आहे. पावसाळा सरल्यावर, भातकापणीच्या दिवसांत, त्याने ती आम्हाला एका रविवारी दिली. आरसी, विमा आणि पीयूसी सोबत घेतले. दुसऱ्याची गाडी मागताना हे कागद मागायला लाजू नये.

पहिला धडा गाडी घराबाहेर काढतानाच मिळाला. आमची उंची पाच फूट पाच इंच. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाच नाही. सपाट डांबरावर याने काही बिघडत नाही. पण शहापूरच्या बाजारपेठेत, एका बाजूला उतार, समोरून टेम्पो आणि मागून रिक्षा असताना १९६ किलोची गाडी पायाने मागे घ्यावी लागते, तेव्हा माणसाला आपले वय आठवते. त्यात आम्ही मुद्दाम मागच्या कॅरिअरवर अवजारांची पेटी आणि मशीनचे एक डोके बांधले होते. वजन उंचावर गेले की गाडी हाताला आणखी जड होते. साइड स्टँडवरून सरळ करताना जोर लागतो.

किन्हवलीच्या रस्त्याला लागल्यावर मात्र चित्र पालटले. पावसाने उखडलेले डांबर, वर पसरलेली खडी, शाळेपुढचे न रंगवलेले गतिरोधक, कडेला वाळत घातलेला पेंढा. आमच्या जुन्या गाडीवर हा रस्ता म्हणजे कंबरेची परीक्षा. या गाडीची पुढची-मागची दोन्ही सस्पेन्शन २०० मिलिमीटर दबतात आणि पुढचे चाक २१ इंची आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, त्याच्यावरून जाते. पेटीतले पाने-पकड एरवी सरळगावपर्यंत खुळखुळत येतात, त्या दिवशी गप्प होते. ज्या कारागिराला दिवसातून सत्तर-ऐंशी किलोमीटर अशा रस्त्याने जावे लागते, त्याच्या पाठीच्या दृष्टीने हा फरक खरा आहे.

एक गोष्ट मात्र समजून घ्यावी. या इंजिनाचा पूर्ण जोर, म्हणजे ४० न्यूटन-मीटर, ५,५०० फेऱ्यांवर येतो. जुन्या ४११ चा ३२ न्यूटन-मीटरचा जोर त्याहून बराच खाली, चार-साडेचार हजारांच्या दरम्यान मिळायचा. म्हणून गावातून, म्हशींच्या मागून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत जाण्याची ज्याला सवय आहे त्याला सुरुवातीला गिअर वारंवार बदलावा लागतो. इंजिन फिरते ठेवले की ते खूश असते. बुलेटची 'डुगडुग' मनात धरून जो बसेल त्याला ही गाडी परकी वाटेल.

सरळगावहून आम्ही कल्याण-अहिल्यानगर महामार्गाला लागलो आणि टोकावडे, मोरोशीवरून माळशेजकडे निघालो. येथे या गाडीने आमचे मन जिंकले हे कबूल केले पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये ऐंशीच्या वेगाने ती श्वासही न लागता चालते. घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर जागा दिसताच क्षणात पुढे निघते. आमच्या दीडशे सीसीवर सामान आणि मागे माणूस असताना हाच ट्रक ओलांडायला समोरचा रस्ता किती लांब मोकळा हवा याचा अंदाज बांधत राहावे लागते, आणि निम्म्या वेळा आम्ही बेत सोडून देतो. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एबीएस. वळणावर ओली माती आली तेव्हा ब्रेक दाबूनही चाक घसरले नाही. घाटमाथ्यावर पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याकडे पाहत चहा घेतला आणि मनात आले, घेऊन टाकावी.

परतीच्या वाटेवर मुरबाडला एका ओळखीच्या मिस्त्रींकडे थांबलो. बत्तीस वर्षे त्यांचे गॅरेज आहे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, रेडिएटरला हात लावला आणि म्हणाले, "भाई, गाडी फर्स्ट क्लास आहे. पण माझ्याकडे आणू नका."

त्यांचे म्हणणे असे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि कार्बुरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. छोट्या गाड्यांचे इंजेक्शन त्यांनी शिकून घेतले, स्कॅनरही घेतला. पण या गाडीत ॲक्सिलरेटरची तारसुद्धा नाही. मूठ फिरवली की सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर इंजिनाला. त्यात बिघाड आला तर कंपनीच्या वर्कशॉपलाच न्यावी लागणार. आज सकाळी टोकावड्याला गाडी बंद पडली तर ती टेम्पोत घालून नेण्याचे भाडे कोण देणार? पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब किंवा टायर तालुक्याच्या दुकानात पडलेला मिळेल ही आशा धरू नये, असेही ते म्हणाले. सर्व्हिसचा एक दिवस म्हणजे धंद्याचा एक दिवस. शोरूममध्ये हा खर्च कोणी सांगत नाही.

याच मिस्त्रींनी दुसरी बाजूही दाखवली. ती आपल्या गॅरेजवाल्या आणि वेल्डर बांधवांनी ऐकण्यासारखी आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो, पण त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे मुंबई-ठाण्याचे जे शेकडो टूरिंगवाले सुट्टीच्या दिवशी बाहेर पडतात ते कसारा आणि माळशेजनेच जाणार. त्यांना पंक्चर लागते, चेनला तेल लागते, सामानाच्या पेट्यांसाठी स्टँड आणि इंजिनासाठी गार्ड लागतात. कंपनीच्या गार्डला जी किंमत पडते तिच्या निम्म्यात चांगला फॅब्रिकेटर तो बनवून देऊ शकतो. पाइप नीट जाडीचा घ्यावा आणि गाडीची चौकट भोके पाडून कमजोर करू नये, एवढे भान ठेवावे. टूरिंग गाडी घेण्यापेक्षा टूरिंगवाल्याचे काम घेण्यात जास्त कमाई आहे, असे मिस्त्री हसत म्हणाले. ते पूर्ण चुकीचे नाही.

रेघ कुठे आहे

आता करांकडे येऊ, कारण २०२५ साली येथे मोठा फेरबदल झाला आणि अनेकांना तो नीट माहीत नाही. पूर्वी सर्व मोटरसायकलींवर २८ टक्के जीएसटी होता आणि साडेतीनशे सीसीच्या वरच्या गाड्यांना त्यावर ३ टक्के सेस. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा कर १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्क्यांवर गेला. कराआधी २ लाख रुपये किमतीच्या दोन गाड्या घ्या, एक रेघेच्या अलीकडची आणि एक पलीकडची. जुन्या दराने त्या २ लाख ५६ हजार आणि २ लाख ६२ हजारांना पडत. फरक ६ हजारांचा. नव्या दराने त्याच गाड्या २ लाख ३६ हजार आणि २ लाख ८० हजारांना पडतात. फरक ४४ हजारांचा. हिमालयन ४५० सुरुवातीला २ लाख ६९ हजारांपासून विकली गेली होती. २०२५ च्या करबदलानंतर शोरूमची किंमतच ३ लाखांच्या पुढे गेली. आरटीओचा कर आणि विमा धरून रस्त्यावर येईपर्यंत साडेतीन लाख ओलांडतात.

काही व्यापाऱ्यांचा समज आहे की जीएसटी नंबर असला म्हणजे गाडीवर भरलेला कर वळता करून घेता येतो. तसे नाही. माणसांच्या वापराच्या अशा वाहनावरचे इनपुट क्रेडिट कायद्याने रोखलेले आहे. हा पैसा खिशातूनच जातो.

विम्यातही तीच रेघ. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे पाच वर्षांचा हप्ता ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, आणि ३५० च्या वर थेट १५,११७ रुपये. कर वेगळा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा.

पेट्रोलचे गणित प्रत्येकाने आपल्या फेऱ्यांवरून करावे. आमचे महिन्याला १,५०० किलोमीटर होतात. जुनी गाडी ४५ देते, म्हणजे ३३ लिटर. मित्राच्या गाडीने त्याला वर्षभरात सरासरी २७ दिले आहेत, म्हणजे ५५ लिटर. पेट्रोलचा दर सोयीसाठी १०० रुपये धरला तरी महिन्याला २,२०० रुपये जास्त आणि वर्षाला २६ हजारांच्या वर. गिऱ्हाइकाकडून आम्ही गाडी बदलली म्हणून एक रुपया जास्त मिळणार नाही.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी एका शब्दाकडे लक्ष द्यावे, तो म्हणजे 'फ्लॅट'. अडीच लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी घटत्या शिलकीवर ११ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,१८५ रुपये आणि एकूण व्याज साधारण ४४,६०० रुपये. तेच कर्ज कोणी 'फक्त ८ टक्के फ्लॅट' म्हणून दिले तर ऐकायला स्वस्त वाटते. पण तेथे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज धरतात, आणि एकूण व्याज होते ६० हजार. कागदावर सही करण्यापूर्वी हप्ता गुणिले महिने एवढा गुणाकार करावा. आपल्यातले पुष्कळ बांधव व्याजाचा व्यवहारच नको म्हणतात. त्यांनी महिन्याला ८ हजार बाजूला टाकले तर तेच अडीच लाख ३२ महिन्यांत जमतात, आणि तोपर्यंत गाडीची हौस टिकली आहे की नाही हेही कळते.

घरच्यांना बसवून पाहावे

एका बाबीची चर्चा मोटरसायकलच्या जाहिरातीत कधी होत नाही. आपल्याकडे गाडी ही घरची असते. दवाखाना, लग्न, माहेर, सगळे तिच्यावर. संध्याकाळी आम्ही सौ. ला मागे बसवून आसनगाव स्टेशनपर्यंत नेऊन आणले. मागचे सीट आणखी उंच, एका बाजूने बसायची सोय जवळपास नाही. चढायला ओट्याचा आधार घ्यावा लागला. साडी असो की बुरखा, मागच्या चाकात आणि चेनमध्ये कपडा जाऊन झालेले अपघात आपण सर्वांनी ऐकले आहेत. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे गार्ड आणि धरायला आधार हवा असा नियम आहे. टूरिंग गाडीवर सामानाच्या पेट्या लावताना हे गार्ड काढून टाकतात, तसे करू नये. उतरल्यावर सौ. चा अभिप्राय एका वाक्याचा होता : "तुम्ही चालवा, मी रिक्षाने येते."

मग आम्ही मागच्या वर्षाची कामाची डायरी काढली आणि शंभर किलोमीटरहून लांब गेलेले दिवस मोजले. नाशिक, ओतूर, जुन्नर सगळे धरून सतरा निघाले. उरलेले दिवस बाजारपेठ, गल्ली, वाडी आणि थांबत-थांबत जाणे. साडेतीन लाखांत आमच्या धंद्यात जुन्या जुकी मशीन घेऊन, दुरुस्त करून विकण्याचे काम वर्षभर फिरत राहते. ती रोकड सतरा दिवसांच्या सुखासाठी अंगणात उभी करणे आम्हाला जड वाटले. ज्याचे दर आठवड्याला घाट ओलांडणे होते, ज्याचा माल हलका आणि सौदा मोठा आहे, त्याची डायरी वेगळे सांगेल. आमच्या ठेकेदार मित्राच्या साइट इगतपुरीपासून आळेफाट्यापर्यंत पसरल्या आहेत. त्याने घेतली ते त्याच्या दृष्टीने बरोबर आहे.

मात्र जुनी गाडी आहे तशीच चालवत राहावी, हेही आम्हाला पटत नाही. एबीएस १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला. आमची त्याच्या आधीची. माळशेजच्या ओल्या वळणावर जे अनुभवले त्यानंतर ड्रम ब्रेकवर नाशिक महामार्गाचे ट्रक कापत जाणे मनाला बोचते. म्हणून गाडी बदलायची, पण रेघेच्या अलीकडे. रॉयल एनफील्डची मीटिओर ३४९ सीसीची आहे, सीट ७६५ मिलिमीटरवर, बायका-माणसांना बसायला सोपी. वजन मात्र तिचेही १९१ किलो. टीव्हीएसने ऑक्टोबर २०२५ मध्ये ३०० सीसीची अपाचे आरटीएक्स आणली, ३६ अश्वशक्तीची. ती चपळ आहे, पण सीट हिमालयनइतकेच उंच. हिरोची एक्सपल्स २१० त्याहून हलकी आणि कच्च्या रस्त्याला चांगली, पण तीही उंच. म्हणजे कमी उंची हवी तर वजन घ्या आणि कमी वजन हवे तर उंची घ्या. दोन्ही एका गाडीत अजून आम्हाला सापडलेले नाही. पाच फूट पाच इंचाच्या मालकाने आणि त्याच्या सौ. ने मीटिओरवर एकदा सामानासह बसून पाहायचे ठरवले आहे, तेही शोरूमच्या फरशीवर नव्हे, शहापूरच्या बाजारातल्या उतारावर.

तो सौदा म्हशाच्या जत्रेनंतर. पौषातल्या त्या दिवसांपर्यंत मुरबाडकडच्या शिंप्यांची उधारी बरीचशी वसूल होते, आणि जुनी गाडी विकायलाही तेव्हा गिऱ्हाईक सापडते. तूर्त तिला मागचा टायर आणि चेन-स्प्रॉकेटचा सेट नवा टाकला आहे. मुरबाडच्या त्याच मिस्त्रींकडे, साडेचार हजारांत, एका दुपारी.